गुण येईपर्यंत : नैराश्यावरील औषधांचे वेळापत्रक

ताप उतरवणारी गोळी तासाभरात आपले काम दाखवते, जंतुसंसर्गावरील प्रतिजैविकांचा परिणाम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो आणि आम्लपित्तावरचे पातळ औषध तर पोटात जाताच आराम देते. औषध घेणे आणि बरे वाटणे यांतील अंतराविषयी सर्वसामान्य माणसाची जी कल्पना असते, ती अशा अनुभवांवरून घडलेली असते. नैराश्यावरील औषधे या कल्पनेत बसत नाहीत. त्यांचा गुण नीट दिसण्यास साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात, मात्र मळमळ, डोकेदुखी, बेचैनी यांसारखे त्रास पहिल्या दोन-चार दिवसांतच सुरू होऊ शकतात, म्हणजे रुग्णाच्या पदरात आधी त्रास पडतो आणि आराम मागाहून येतो. हा उलटा क्रम ज्याच्या वाट्याला येतो त्या माणसाची उमेद आजाराने आधीच खचवलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे अनेक रुग्ण पहिल्या काही आठवड्यांतच गोळ्या का सोडून देतात याचा उलगडा होतो. ही औषधे निरुपयोगी आहेत, त्यांची सवय लागते, ती घेतल्याने माणूस अधिकच बिघडतो, अशा ज्या समजुती समाजात रूढ आहेत, त्यांतील बऱ्याचशा समजुतींचे मूळ या वेळेच्या गणितात सापडते.

वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य किंवा अवसाद म्हणते तो आजार एखाद्या दुःखद प्रसंगानंतर येणाऱ्या खिन्नतेहून वेगळा मानला जातो. मन सतत उदास राहणे, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, थकवा, एकाग्रतेचा अभाव, स्वतःला दोषी किंवा निरर्थक मानणे आणि मरणाचे विचार येणे, यांपैकी अनेक लक्षणे किमान दोन आठवडे जवळजवळ दररोज टिकून राहिली आणि त्यांमुळे दैनंदिन व्यवहार अडू लागले, तर हे निदान केले जाते. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निम्हान्स’ने, 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातील सुमारे वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो आणि त्याने ग्रासलेल्यांपैकी जवळपास 85 टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. आजार सौम्य असेल तर समुपदेशन, मानसोपचार, नियमित व्यायाम आणि दिनक्रमाची घडी बसवणे यांनी बरेच काही साधते. मध्यम आणि तीव्र नैराश्यात मात्र औषधांचा विचार करावाच लागतो.

या औषधांचा उगम नैराश्यावरील संशोधनातून झालेला नाही, आणि त्यांच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. सर्पगंधा ही भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात असलेली वनस्पती उच्च रक्तदाबावर उपयोगी पडते, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आपल्या रुग्णांच्या निरीक्षणांसह मांडले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेच्या मुळापासून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, ते घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र उदासी येते असे वैद्यांना दिसले आणि त्याच सुमारास या द्रव्यामुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा घटतो हेही प्रयोगांतून सिद्ध झाले. दुसरीकडे 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध दिले असता, खंगलेल्या रुग्णांमध्ये अनपेक्षित उत्साह संचारल्याचे आढळले. हे औषध म्हणजे आजही क्षयरोगाच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडचेच भावंड होते. ते मेंदूतील उपर्युक्त रसायनांचे विघटन करणाऱ्या विकराला अडवते, हे कळल्यावर दोन्ही निरीक्षणांची सांगड घातली गेली. 1957 मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ रोलंड कून यांनी इमिप्रामीन या औषधाचा नैराश्यावरील गुण जाहीर केला आणि नैराश्यावर खास औषध असू शकते ही कल्पना वैद्यकात रुजली.

या निरीक्षणांवरून 1965 मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने नैराश्याचा संबंध मेंदूतील नॉरॲड्रेनलीनच्या कमतरतेशी जोडला आणि लवकरच सेरोटोनिनलाही तेच स्थान मिळाले. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला संदेश देताना दोहोंमधील सूक्ष्म फटीत अशी रसायने सोडते आणि संदेश पोहोचल्यावर ती पुन्हा आत ओढून घेते. या आत ओढण्याला पुनर्ग्रहण म्हणतात. हे पुनर्ग्रहण रोखले तर फटीतील रसायन वाढेल, या तर्कावर पुढची औषधे बेतली गेली. त्यांतील फ्लुओक्सेटीनला अमेरिकेत डिसेंबर 1987 मध्ये मान्यता मिळाली आणि त्यामागोमाग सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, सिटालोप्राम, एसिटालोप्राम ही औषधे आली. मुख्यतः सेरोटोनिनचेच पुनर्ग्रहण रोखणाऱ्या या गटाला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एसएसआरआय’ म्हणतात आणि आज नैराश्याच्या उपचाराची सुरुवात बहुधा याच गटातील औषधाने होते.

या सिद्धान्तात एक अडचण प्रारंभापासून होती. पुनर्ग्रहण रोखण्याचे काम ही औषधे काही तासांतच करतात. मग सेरोटोनिनची उणीव हेच दुखण्याचे कारण असेल तर रुग्णाला दुसऱ्याच दिवशी बरे का वाटू नये? या प्रश्नाची जी उत्तरे शोधली गेली, त्यांनी औषधांविषयीचे आकलनच बदलून टाकले. पहिले उत्तर मेंदूच्या स्वनियंत्रणाचे आहे. फटीतील सेरोटोनिन वाढताच ते सोडणाऱ्या पेशींवरील संवेदक त्याची दखल घेतात आणि पेशींचा वेग कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला औषधाचा जोर अंशतः वाया जातो. दोन-तीन आठवड्यांत हे संवेदक बोथट होतात आणि मगच सेरोटोनिनचा प्रवाह खऱ्या अर्थाने वाढतो. दुसरे उत्तर मेंदूच्या घडणीशी संबंधित आहे. ही औषधे चेतापेशींच्या वाढीला पोषक ठरणाऱ्या प्रथिनांना चालना देतात, पेशींमधील जोडण्या नव्याने जुळू लागतात आणि स्मृती व भावना यांच्याशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी तयार होण्याचा वेग वाढतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका प्रयोगात क्ष-किरणांच्या साहाय्याने ही नवनिर्मिती थांबवली असता, औषधांमुळे उंदरांच्या वर्तनात दिसणारा बदलही दिसेनासा झाला. रोपाला पाणी घातल्यावर त्याच दिवशी पालवी फुटत नाही, तसाच हा प्रकार असून पेशींच्या वाढीला लागणारा वेळ कोणत्याही मात्रेने फारसा आटोक्यात आणता येत नाही.

तिसरे उत्तर ऑक्सफर्ड विद्यापीठातील कॅथरीन हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. नैराश्यात माणसाची नजर वाईटाकडेच वळते, समोरच्याच्या तटस्थ चेहऱ्यातही त्याला नाराजी दिसते. औषधाच्या पहिल्या काही दिवसांतच हा कल बदलू लागतो, हे या संशोधकांनी चेहऱ्यांची छायाचित्रे ओळखण्यासारख्या चाचण्यांतून दाखवले. रुग्णाला मात्र त्याचा पत्ता नसतो, कारण बदललेल्या नजरेने जग पुन्हा अनुभवावे लागते आणि अशा अनेक लहान अनुभवांची बेरीज झाल्यावरच मनःस्थिती पालटते. ही तिन्ही उत्तरे एकमेकांना छेद देत नाहीत. सेरोटोनिनच्या उणिवेमुळे नैराश्य येते या सरळ सूत्राला सुसंगत पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष 2022 मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाच्या व्यापक आढाव्यातून काढला, तेव्हा बराच वाद झाला. तथापि आजाराचे कारण ठाऊक नसणे आणि औषधाचा उपयोग होणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. उपयोगाचा पुरावा रुग्णांवरील चाचण्यांतून येतो. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण यांचा एकत्रित विचार करणाऱ्या विश्लेषणात 21 औषधे तपासली गेली आणि ती सर्व निरौषध गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक मध्यम स्वरूपाचा होता. ही औषधे रामबाण नाहीत आणि निरर्थकही नाहीत, एवढे त्यावरून म्हणता येते.

प्रत्यक्ष उपचारात हे वेळापत्रक कसे उलगडते ते पाहणे उद्बोधक आहे. डॉक्टर बहुधा कमी मात्रेने सुरुवात करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ती वाढवतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात गुणापेक्षा दुष्परिणामांचीच जाणीव अधिक होते. झोप, भूक आणि अंगातील मरगळ यांत सुधारणा तुलनेने लवकर, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसू शकते; उदासी, रस नसणे आणि आत्मविश्वास हरवणे ही लक्षणे मात्र सावकाश मागे हटतात. पुरेशी मात्रा चार आठवडे घेऊनही तसूभर फरक नसेल, तर मात्रा वाढवायची की औषध बदलायचे याचा विचार होतो आणि थोडा फरक दिसत असेल तर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहिली जाते. अमेरिकेत 2000 नंतरच्या दशकात सुमारे 4,000 रुग्णांवर झालेल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश होते आणि त्यांच्यातील अनेकांना त्यासाठी सहा आठवड्यांहून अधिक काळ लागला. पहिले औषध लागू पडले नाही तर दुसरे लागू पडू शकते. मात्र कोणते औषध कोणाला मानवेल हे आधी खात्रीने सांगणारी चाचणी अजून उपलब्ध नाही, त्यामुळे उपचारात काही प्रमाणात शोध घेत पुढे जावे लागते.

दुष्परिणाम मात्र असे वाट पाहत बसत नाहीत, कारण ते उद्भवण्यासाठी मेंदूच्या पुनर्घडणीची गरज नसते. शरीरातील सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते, त्यामुळे एसएसआरआय गटातील गोळी सुरू होताच मळमळ, पोटात कळ किंवा जुलाब होणे स्वाभाविक आहे. गोळी जेवणानंतर घेतल्याने हा त्रास कमी होतो आणि बहुतेकांचे शरीर एक-दोन आठवड्यांत त्याला सरावते. डोकेदुखी, घाम, हाताला किंचित कंप, झोप उडणे किंवा उलट गुंगी येणे हेही याच वर्गात मोडतात. झोप उडत असेल तर गोळी सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घेण्याचा सल्ला दिला जातो. पहिल्या आठवड्यात घबराट वाढल्यासारखे वाटणे हाही परिचित अनुभव आहे आणि त्यासाठी काही डॉक्टर थोड्या दिवसांपुरते चिंताशामक औषध जोडतात. लोक ज्याला सरसकट ‘झोपेची गोळी’ म्हणतात ती बहुधा हीच असते. सवय लागण्याचा धोका तिला असतो आणि म्हणून ती लवकर बंद करायची असते, पण दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर असल्याने तिची बदनामी नैराश्यावरील औषधाच्या माथी बसते.

दुसऱ्या वर्गातील दुष्परिणाम औषध चालू असेपर्यंत टिकू शकतात. कामेच्छा कमी होणे, परमोच्च सुखाला विलंब लागणे किंवा ते न मिळणे हा त्यांतील सर्वांत व्यापक आणि सर्वांत कमी बोलला जाणारा त्रास आहे. रुग्ण संकोचाने सांगत नाही, डॉक्टर घाईत विचारत नाही आणि परस्पर गोळी बंद होते. काहींना दुःखाबरोबर आनंदाचीही धार बोथट झाल्यासारखी वाटते. वजन वाढण्याचे प्रमाण औषधागणिक बदलते : मिर्टाझॅपीनने भूक, वजन आणि झोप वाढते, म्हणून भूक-झोप गेलेल्या कृश रुग्णाला तेच सोयीचे पडते, बुप्रोपिऑनने लैंगिक तक्रारी कमी होतात, पण फिट्स येण्याची शक्यता असलेल्यांना ते देत नाहीत, व्हेन्लाफॅक्सीन अधिक मात्रेत रक्तदाब वाढवू शकते. इमिप्रामीन, अमिट्रिप्टिलीन ही जुन्या गटातील औषधे आजही स्वस्त आणि परिणामकारक आहेत, तथापि त्यांनी तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठता होते, लघवी अडते, काचबिंदू असल्यास तो बळावू शकतो आणि एकदम जास्त गोळ्या घेतल्यास हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. म्हणजे एकाचा दुष्परिणाम दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकतो, आणि औषधाची निवड बऱ्याच अंशी याच हिशेबावर ठरते.

विरळ परंतु गंभीर परिणामांचा तिसरा वर्ग ठाऊक असणे अगत्याचे आहे. वृद्धांमध्ये, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास, रक्तातील सोडियम घटून गोंधळलेपण, तोल जाणे, पडणे असे प्रकार होतात. ते वयावर ढकलून देण्याऐवजी साधी रक्ततपासणी करावी लागते. ॲस्पिरिन किंवा काही वेदनाशामकांबरोबर एसएसआरआय घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. सेरोटोनिन वाढवणारी अनेक औषधे एकत्र आल्यास ताप, थरथर, स्नायूंना झटके आणि भ्रम अशी तातडीची अवस्था उद्भवू शकते. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक आणि क्षयरोगाच्या औषधरोधी प्रकारात दिले जाणारे लिनेझोलिड ही त्याची परिचित उदाहरणे असल्याने, कोणत्याही दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत नेणे हिताचे असते.

सर्वांत नाजूक प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. मुले व किशोरवयीनांमध्ये उपचाराच्या प्रारंभी असे विचार वाढू शकतात, या कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2004 मध्ये या औषधांच्या वेष्टनावर ठळक चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले आणि 2007 मध्ये त्याची व्याप्ती 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत वाढवली. त्याहून मोठ्या वयात अशी वाढ आढळली नाही आणि वृद्धांत तर धोका घटल्याचे दिसले. याचे एक स्पष्टीकरण वर उल्लेखिलेल्या वेळापत्रकातच दडलेले आहे, असे अनेक तज्ज्ञ मानतात : अंगात बळ आधी परतते आणि मनातील निराशा मागाहून ओसरते, त्यामुळे मधल्या काळात घातक विचार कृतीत उतरवण्याइतकी शक्ती रुग्णाकडे असू शकते. म्हणून पहिला महिना घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून काढायचा असतो, गोळ्यांचा साठा रुग्णाच्या हाती ठेवायचा नसतो आणि मरणाची भाषा तोंडून निघाल्यास ती हसण्यावारी न नेता डॉक्टरांना कळवायची असते. याउलट रुग्ण अचानक अतिउत्साही झाला, झोपेविना हिंडू लागला, पैसा उधळू लागला, तर आजार द्विध्रुवी, म्हणजे उदासी आणि उन्माद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या झटक्यांचा असल्याची शक्यता असते. ही गुण आल्याची खूण मुळीच नव्हे.

गुण आल्यानंतरही वेळेचे गणित संपत नाही. बरे वाटू लागताच गोळी थांबवल्यास आजार उलटण्याचा संभव असतो, म्हणून पहिल्या खेपेच्या आजारात लक्षणे गेल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने आणि वारंवार उलटणाऱ्या आजारात दोन वर्षे किंवा अधिक काळ औषध चालू ठेवले जाते. दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या झालेल्या 478 रुग्णांवर इंग्लंडमध्ये झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी 39 टक्क्यांचा, तर टप्प्याटप्प्याने बंद करणाऱ्यांपैकी 56 टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचले तर औषध बंद करूनही शंभरातील 44 जण वर्षभर ठीक राहिले, त्यामुळे ‘एकदा सुरू केली की जन्मभर’ ही धास्तीही खरी ठरत नाही.

गोळी एकदम बंद केल्यावर चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, चिडचिड, विचित्र स्वप्ने असा त्रास होऊ शकतो. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन शरीरातून लवकर निघून जात असल्याने त्यांच्याबाबत तो जास्त दिसतो, तर आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळणाऱ्या फ्लुओक्सेटीनबाबत कमी. दारू किंवा तंबाखूप्रमाणे या औषधांची तलफ येत नाही आणि तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा चढवत न्यावी लागत नाही, म्हणून हे व्यसन ठरत नाही. मात्र शरीराला झालेला सराव खरा असतो आणि तो मोडण्यासाठी काही आठवडे, क्वचित काही महिने, मात्रा हळूहळू उतरवावी लागते. शेवटच्या टप्प्यात तर अधिकच सावकाश जावे लागते, कारण अगदी थोड्या मात्रेनेही मेंदूतील पुनर्ग्रहणाचा मोठा भाग अडलेला असतो आणि म्हणून शेवटची लहानशी कपातही शरीराला मोठी वाटते.

ही प्रतीक्षाच टाळता येईल का, या दिशेने संशोधन चालू आहे. भूल देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या केटामिनचा अल्प मात्रेतील परिणाम काही तासांत दिसतो आणि त्याचेच एक रूप असलेल्या एस्केटामिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. परंतु तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो, रक्तदाब वाढतो, काही काळ भान हरपल्यासारखे होते आणि मिळालेला आराम टिकवण्यासाठी तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. जिवावर बेतलेल्या नैराश्यात भूल देऊन केली जाणारी विद्युत उपचारपद्धती आजही इतर उपायांपेक्षा लवकर आणि खात्रीने गुण देते. बहुसंख्य रुग्णांसाठी मात्र साधी गोळी आणि काही आठवड्यांचा धीर हाच मार्ग आहे. तज्ज्ञ जवळ नसतील तिथे केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो.

धीर धरायचा म्हणजे डोळे मिटून बसायचे असे नाही. झोप किती तास लागली, जेवण किती गेले, अंघोळ सांगावी लागली की आपणहून केली, अशा चार गोष्टींची रोजची नोंद घरातल्या कोणी ठेवली, तर महिनाभराने डॉक्टरांसमोर अंदाजाऐवजी पुरावा ठेवता येतो. ‘काहीच फरक नाही’ असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगत असतो, कारण नैराश्य त्याला तसेच दाखवत असते. आणि त्याच वेळी त्या वहीत, कित्येक दिवसांनी त्याने स्वतः चहा मागितल्याची नोंद असू शकते.